दिवसांच्या हिशेबाने सायकलप्रवास



परदेशात सायकलने लांबचा प्रवास करायचा तर त्याची आखणी कशी करावी, हा विषय स्मृतिव्याख्यानासाठी जरा घामाचा आणि ग्रीसच्या डागांचा वाटेल. पण या विषयाला व्याख्यानाचीच पूर्वपरंपरा आहे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे भाषण झाले. हा गृहस्थ युरोपातून हिंदुस्थानापर्यंत चालत आला होता. ते भाषण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातल्या काही पारशी तरुणांच्या मनात घर करून राहिले आणि १५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांच्यातले सहा जण सायकलींवरून जगाच्या सफरीला निघाले. भाषणे ऐकून माणसे टाळ्या वाजवतात, क्वचित डुलकी काढतात; घर सोडून निघाल्याची उदाहरणे फार नाहीत. त्या सहांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सफर पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. तोवर सुमारे ४४,००० मैल, म्हणजे ७१,००० किलोमीटर झाले होते.

आता एक साधा भागाकार करू. या दोन तारखांमध्ये सुमारे १,६१६ दिवस जातात. ७१,००० ला त्यांनी भागले की रोजचे ४४ किलोमीटर येतात. जहाजावरचे दिवस, आजारपण, पाहुणचार, वाट पाहणे, सगळे त्यात धरलेले आहे. दुसरा भागाकार पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचा. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, पर्थहून निघून तिने सुमारे २९,००० किलोमीटर १५९ दिवसांत कापले, म्हणजे रोज १८० च्या वर. तिसरा आकडा आपल्या गावचा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' बारा दिवसांच्या आत पुरी केली. तिथे रोजची सरासरी ४०० किलोमीटरच्या वर जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरहून लांब टप्प्यांची शर्यतही पुरी केली. चव्वेचाळीस, एकशे ऐंशी आणि चारशे हे तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही अभिमानाचे. प्रश्न इतकाच की परदेशी प्रवासाचा बेत करणाऱ्या सामान्य सायकलस्वाराने यांतला कोणता डोळ्यांसमोर ठेवावा. नागपुरात सायकल चालवणाऱ्यांची नजर साहजिकच चारशेकडे जाते. माझे म्हणणे असे की बेत चव्वेचाळिसाचा करावा. फार तर साठाचा. कारण आळस किंवा भीती नाही. लांबच्या प्रवासात जे काही खर्ची पडते ते सगळे दिवसांच्या मापाने खर्ची पडते, किलोमीटरच्या नव्हे.

हे जरा उलगडून पाहू. व्हिसा दिवसांत मिळतो. मुक्कामाचे भाडे रात्रीला पडते, विम्याचा हप्ता दिवसांवर ठरतो, कचेरी रजा दिवसांची देते, ऋतू तारखांनी येतो-जातो. किलोमीटरला काय लागते? थोडे टायर, थोडी साखळी. तरीही आपल्याकडे बेताची सुरुवात नेहमी नकाशापासून होते. इथून तिथपर्यंत इतके किलोमीटर, भागिले रोजचे शंभर, म्हणजे इतके दिवस. हे गणित उलटे आहे. आधी हाताशी किती दिवस आहेत ते पाहावे, त्यांतून न चालवण्याचे दिवस वजा करावेत आणि जे उरतील त्यांत बसेल तेवढाच रस्ता नकाशावर शोधावा. समजा तीन आठवड्यांची रजा मिळाली. नागपूरहून युरोपात जाऊन परत यायला मधल्या विमानबदलांसह तीन दिवस धरा. पोहोचल्यावर सायकल जोडायला एक आणि परतीच्या आधी रिकामे खोके शोधून ती बांधायला एक. राहिले सोळा. दोन दिवस विश्रांतीचे, तीन पाऊस, बिघाड आणि पोटदुखी यांच्या नावे राखीव. उरले अकरा. अकरा दिवस, रोज पंचावन्न-साठ किलोमीटर, म्हणजे सहाशे ते साडेसहाशे. जर्मनीतल्या पासाउपासून डॅन्यूबच्या काठाने व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टपर्यंतचा रस्ता जवळपास एवढाच आहे. तो युरोव्हेलो ६ या अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या सायकलमार्गाचा तुकडा असून पहिल्या परदेशी प्रवासासाठी त्याच्याइतका सोयीचा रस्ता विरळा. तीन आठवड्यांत 'सारा युरोप' करणारे बेत याच वजाबाकीपाशी कोसळतात, आणि ते निघण्याआधी घरीच कोसळले तर बरे.

यात पासपोर्टाचा प्रश्न येतो. सायकलप्रवासावरचे बरेचसे इंग्रजी साहित्य युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांनी स्वतःसारख्यांसाठी लिहिलेले आहे. घराचे दार ओढून घ्या आणि पूर्वेकडे चालू लागा, असा त्यांचा सल्ला असतो. १९२३ साली ते मुंबईकरालाही शक्य होते. ते तरुण पंजाब आणि बलुचिस्तानातून इराणात शिरले, तिथून इराक आणि सीरियाकडे गेले. आज नागपुरातल्या झीरो माइलच्या खांबापाशी उभे राहिलो तर त्यावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, चांदा, हैदराबाद अशी नावे आहेत. देशाच्या मधोमध असल्याचा मान आहे, पण जमिनीवरून देशाबाहेर पडायच्या वाटा बहुतेक बंद. अटारीची चौकी एप्रिल २०२५ पासून बंद आहे. उत्तरेला चीनच्या हद्दीत एकट्या सायकलस्वाराला वाट नाही. ईशान्येला म्यानमारकडे जाणारी मोरे-तामू ही वाट २०१८ साली पासपोर्टधारकांना रीतसर खुली झाली होती आणि नागपूर ते बँकॉक सायकलने हे स्वप्न थोडा काळ खरे वाटले. पुढे कोविड आला आणि २०२१ साली म्यानमारमध्ये लष्करी सत्तापालट झाला. राहिले नेपाळ, भूतान आणि कागदपत्रांसह बांगलादेश. बाकी जगात आपला सायकलप्रवास विमानतळावरच सुरू होतो, आणि विमानाच्याही आधी व्हिसाच्या अर्जावर.

गंमत अशी की सरहद्दीवर सायकलला कोणी अडवत नाही. मोटारीला किंवा मोटरसायकलला अनेक देशांत कार्ने हा कागद आणि भरभक्कम हमी लागते. सायकल त्यातून मोकळी, अडतो तो स्वार. शेंगेन व्हिसाचा मूळ नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला नव्वद मिळतीलच असे नाही. बहुधा बेतापुरतेच मिळतात. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार. विमान म्युनिचला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज करणे चूक आहे. वरच्या बेतात सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात जातात, तेव्हा अर्ज ऑस्ट्रियाचा. डॅन्यूबने बुडापेस्टच्या पुढे जायचे झाले तर आणखी एक खाच आहे. नदी क्रोएशियातून सर्बियात जाते आणि पुढे रोमानियाला लागते. क्रोएशिया २०२३ पासून आणि रोमानिया २०२५ च्या सुरुवातीपासून शेंगेनमध्ये पूर्णपणे आहेत; सर्बिया नाही. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला सर्बियात वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून तिथे शिरताना सारे सुरळीत वाटते. पण शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सर्बियात पाऊल टाकताक्षणी तो संपला, आणि आयर्न गेट्सच्या घळीतून रोमानियाकडे पाहत बसावे लागेल. नकाशावर हा नदीकाठचा अखंड रस्ता दिसतो. पासपोर्टात तो तीन तुकड्यांचा असतो. अर्जात अनेक प्रवेशांची मागणी करणे, आणि का हवेत ते एका ओळीत लिहिणे, एवढ्याने हे टळू शकते.

नियम बदलतात तेही लक्षात ठेवले पाहिजे. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली तेव्हा सायकलवाल्यांमध्ये आनंदाची लाट आली. बारकाईने वाचणाऱ्यांना दिसले की माफी विमानाने येणाऱ्यांना आणि पंधरा दिवसांपुरतीच होती. तुर्कस्तानातून किंवा आर्मेनियातून सायकलने येणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही स्थगित झाली. तेव्हा व्हिसाबद्दलची कोणतीही माहिती, आज मी इथे दिली तीसुद्धा, अर्ज करण्याच्या आठवड्यात संबंधित वकिलातीच्या अधिकृत पानावर पुन्हा पडताळून घ्यावी.

एक आक्षेप इथे रास्तपणे घेतला जाईल. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचा मुक्काम आधी दाखवावा लागतो आणि सायकलप्रवासाची मजा तर वाटेल तिथे थांबण्यात आहे. मग अर्जात लिहायचे एक आणि करायचे दुसरे, असे होणार नाही का? बरेच जण तसे करतात, आणि 'काही होत नाही' हा आपला राष्ट्रीय दिलासाही त्यांच्या पाठीशी असतो. माझ्या मते ते धोक्याचे आणि अनावश्यक आहे. बेत रोजच्या शंभर-सव्वाशेचा असेल तर पहिल्याच पावसाळी दिवशी कागद आणि रस्ता यांची फारकत होते. पंचावन्न-साठाचा असेल तर एक दिवस बुडाला तरी दोन दिवसांत भरून निघतो आणि कागदावर लिहिलेल्या गावी लिहिलेल्या रात्री पोहोचता येते. म्हणजे सैल बेत हाच प्रामाणिक अर्जही असतो. अर्जासोबतच्या पत्रात प्रवास सायकलने आहे हे स्वच्छ लिहावे, गावांची यादी रोजच्या अंतरासह द्यावी, रद्द करता येतील अशी आरक्षणे घ्यावीत, मालकाचे रजेचे पत्र आणि बँकेचे विवरण जोडावे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात एक पोटकलम मुद्दाम वाचावे, कारण काही पॉलिसी साहसी खेळांना संरक्षण देत नाहीत आणि सामान लादून केलेला सायकलप्रवास त्यांच्या लेखी पर्यटन की साहस हे आधी लेखी विचारून ठेवलेले बरे. हाड मोडल्यावर हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

याहून धारदार आक्षेप माझ्याच युक्तिवादातून निघतो. सगळा खर्च दिवसांवर पडतो असे म्हणता, मग जोरात चालवून दिवस कमी करणे हीच काटकसर नव्हे काय? कागदावर होय. रस्त्यावर मात्र वेगाची किंमत दुसऱ्या खिशातून जाते. दमलेला माणूस संध्याकाळी तंबू ठोकत नाही, समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतो. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. अंतराच्या मागे लागलेला शनिवारी किराणा घ्यायला विसरतो आणि रविवारी उपाहारगृहात तिप्पट दाम मोजतो. गुडघा सुजला की तीन दिवस गेले, आणि तेही भाड्याच्या खोलीत. शिवाय दिवस वाचवायचे असतील तर अंतर कापून वाचवावेत. युरोपातल्या प्रादेशिक गाड्यांत तिकीट काढून सायकल नेता येते. कारखान्यांच्या पट्ट्यातले कंटाळवाणे ऐंशी किलोमीटर आगगाडीने गेल्यास कोणाचा धर्म बुडत नाही. विक्रम करायला निघालेल्याची गोष्ट वेगळी; त्याच्या नियमपुस्तकात आगगाडी बसत नाही.

नागपूर, अमरावतीकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापण्याच्या सायकलफेऱ्या, करणारी मंडळी यावर हसतील. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, हे ज्यांच्या पायांना अंगवळणी पडले आहे त्यांना साठ किलोमीटर म्हणजे न्याहारीआधीचा व्यायाम. त्यांच्या दमसासाबद्दल मला शंका नाही. पण ब्रेव्हेचे चाळीस तास संपले की माणूस घरी जाऊन दोन दिवस झोपतो, आणि त्याच्या सायकलवर दोन बाटल्या नि एक हवेचा पंप यांपलीकडे फारसे काही नसते. प्रवासात वीस किलो सामान रोज लादायचे आणि रोज उतरवायचे, कपडे धुवायचे, अन्न शोधायचे, रस्ता चुकायचे, उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत वळणावर आधी कोणत्या बाजूला पाहायचे ते आठवायचे, आणि उद्या पुन्हा तेच करायचे. शर्यतीत हे सारे मागून येणाऱ्या गाडीतली माणसे करतात. डॉ. समर्थांच्या चारशेमागे त्यांचा पराक्रम आहे, तसे ते पथकही आहे, आणि हे सांगण्याने पराक्रम कमी होत नाही. प्रवासी स्वतःच स्वार आणि स्वतःच पथक असतो. म्हणून दिवसाचे निम्मे तास पथकाच्या कामाला राखून ठेवावे लागतात.

हवामानाबद्दल विदर्भाच्या माणसाला थोडे वेगळे सांगावे लागते. पंचेचाळीस अंशांत वाढलेला सायकलस्वार स्पेनच्या उन्हाळ्याला डगमगत नाही. त्याचा घात करतो तो आठ-दहा अंशांतला दिवसभराचा पाऊस, ज्याची इथे सवयच नाही. कोरडे राहण्याच्या कपड्यांवर पैसे खर्चावेत. हलक्या चाकांवर नंतर. मे महिन्यात इथे पहाटे चारला निघून दहाला सावली गाठायची सवय असते. जूनमध्ये व्हिएन्नात प्रकाश सुमारे सोळा तास असतो, तेव्हा तिथे ही घाई सोडून द्यायला शिकावे लागते. वारा मध्य युरोपात बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून डॅन्यूबचा रस्ता पश्चिमेकडून पूर्वेला करावा. उताराच्या आशेने मात्र नव्हे, कारण पासाउ आणि बुडापेस्ट यांच्या उंचीत जेमतेम दोनशे मीटरचा फरक आहे. पामीरसारख्या प्रदेशात तर ऋतूच सगळे ठरवतो. ताजिकिस्तानातली अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. जून ते सप्टेंबरच्या बाहेर तिथल्या बेताला जुगारच म्हणावे लागेल, आणि बदख्शान प्रांताचा वेगळा परवानाही आधी काढावा लागतो.

सायकल कोणती घ्यावी, हा पहिला विचारला जाणारा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न. आहे ती, मापाची आणि दुरुस्तीला सोपी असेल तर चालते. चाक ६२२ मिलिमीटरचे, म्हणजे ज्याला आपण सातशे-सी म्हणतो ते असावे; त्याचे टायर बहुतेक ठिकाणी मिळतात. मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर लटकतो तो हँगर दर मॉडेलला वेगळा असतो आणि परक्या गावात सहसा मिळत नाही. वीस ग्रॅमचा तो तुकडा सुटा बरोबर नेला नाही तर सगळा प्रवास अडू शकतो. विमानासाठी सायकल स्वतः खोक्यात बांधता आली पाहिजे, दुकानदाराच्या भरवशावर राहू नये, कारण परतीला तो नसतो. डावे पॅडल उलट्या आट्याचे असते, हे परक्या विमानतळाबाहेर पाना लावून कळण्यापेक्षा घरच्या अंगणात कळलेले चांगले. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. वजनाची मर्यादा तिकीट काढण्यापूर्वी पाहावी, कारण स्वस्त तिकिटावर सायकलचे भाडे वेगळे पडून ते महाग होते.

शेवटचा आक्षेप रसिकांचा आहे: इतका हिशेब केला तर साहस उरले कुठे? ते प्रद्युम्नकुमार महानंदियांचे नाव घेतात. हा ओडिया चित्रकार १९७७ साली दिल्लीहून जुन्या सायकलवर निघाला आणि अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान करत स्वीडनमधल्या पत्नीपर्यंत पोहोचला. त्याने कुठे कोष्टके मांडली होती? नव्हती मांडली, आणि त्याची जिद्द असामान्य होती हेही खरे. पण तेव्हा तो रस्ता युरोपीय हिप्पींच्या वर्दळीचा होता आणि ओलांडता येत होता. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि रस्ता संपला. आज तीच बेफिकिरी दाखवणारा अफगाणिस्तानपर्यंत जात नाही, विमानतळाच्या काउंटरपर्यंत जातो. शिवाय हिशेबाने जे बांधले जाते ते प्रवासाचे कुंपण असते. आत काय घडेल ते अनिश्चितच राहते. राखीव ठेवलेले तीन दिवस संकट आले नाही तर कुठल्याशा गावच्या जत्रेला देता येतात. ज्याचा प्रत्येक दिवस शंभर किलोमीटरला बांधलेला आहे त्याला जत्रेत थांबता येत नाही.

ज्यांना पुढच्या उन्हाळ्यातच निघायचे आहे त्यांच्यासाठी तारखांचा क्रम सांगतो. शेंगेनचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे १ जूनला निघायचे तर १ डिसेंबरपासून. निकालाला साधारण पंधरा दिवस, अडला तर पंचेचाळीस लागतात. मार्चनंतर अर्जकेंद्रांत वेळ मिळणे कठीण होते, कारण तेव्हा सगळा भारत उन्हाळी सहलीला निघालेला असतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हे अर्जाचे महिने. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. नवा काढायचा तर दिवाळीपूर्वीच त्याच्या मागे लागावे. डिसेंबरची थंडी हा नागपुरात सायकल चालवण्याचा सर्वांत सुखाचा काळ. त्या महिन्यात परदेशी नेणार तेच सगळे सामान, तंबूसकट, लादून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढावा, वर दोन रात्री तंबूत काढाव्यात आणि उतरून पुढे दोन दिवस सायकल चालवत राहावे. रामटेकला रिकाम्या सायकलने जाऊन येण्याने यातले काहीच कळत नाही. घाट चढताना जे सामान नकोसे वाटेल ते परत आल्यावर काढून टाकावे आणि मगच अर्जात रोजचे अंतर लिहावे. ज्यांना व्हिसाची कटकटच नको असेल त्यांनी शिवनी, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सुनौलीहून नेपाळात जावे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. भूतानला परवाना आणि भारतीयांसाठी रात्रीला बाराशे रुपये शुल्क आहे, म्हणजे तिथेही मोजायचे ते दिवसच.